सातपुड्यात जा, पण एकटी जाऊ नकोस

पत्र (थोडक्यात): मॅडम, मी चोपडा तालुक्यातली. वडिलांची केळी आहे. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एमएस नुकतंच पुण्यात पूर्ण केलं. आता बंधपत्रित सेवेचं, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या सक्तीच्या सेवेचं वर्ष समोर आहे आणि मला नंदुरबार जिल्ह्यात, शक्यतो सातपुड्याच्या आतल्या भागात जायचंय. जमलं तर वर्षापुरतं नाही, कायमचं. आमचे सर म्हणतात, तिथे हात गंजतील. आई म्हणते, एकटी पोर डोंगरात कशी राहणार. ‘वर्ष कुठेतरी जवळपास काढ आणि मग आमच्याकडे ये’, असा नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलचा निरोप आहे. मैत्रिणींना वाटतं मी भावनेच्या भरात बोलतेय. तुम्हाला काय वाटतं?
– चोपडा तालुक्यातली एक डॉक्टर

—

तुझ्या पत्रात सातपुडा आहे, आई आहे, सर आहेत, नाशिक आहे. भूलतज्ज्ञ कुठेच नाही. मी पत्र पुन्हा वाचलं, कदाचित नजरेतून सुटलं असेल म्हणून. रक्त कुठून येणार, रात्री लेबर रूमला कोणती सिस्टर असणार, तू रजेवर गेलीस तर सिझेरियन कोण करणार, यातलंही काही नाही. भावनेच्या भरात आहेस का, हे मला माहीत नाही आणि त्याने फारसं बिघडतही नाही. बिघडतं ते दुसरीकडे.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त जात असतं, हे तू परीक्षेत लिहिलं आहेस. आता अक्राणी किंवा अक्कलकुव्यातली बाई डोळ्यांपुढे आण. तिचं हिमोग्लोबिन सात, म्हणजे रक्त आधीच कमी. बाळंतपणानंतर वार (नाळेची गादी) पडली, गर्भाशय आवळलं नाही, रक्त थांबत नाही. ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल, तीन तासांच्या आत ट्रॅनेक्सामिक ॲसिड, पोटावरून दाब, कंडोम टॅम्पोनाड (कंडोममध्ये पाणी भरून गर्भाशयाला आतून दिलेला दाब), हे सगळं तू आणि एक जाणती सिस्टर मिळून करू शकता. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पण गर्भाशय फाटलं असेल, किंवा आधीच्या सिझेरियनच्या वणावर वार रुतून बसली असेल, तर पोट उघडावं लागतं. त्यासाठी भूल लागते आणि रक्ताच्या पिशव्या लागतात. त्या नसतील तर एमएसची पदवी असूनही तू तेच करशील जे प्राथमिक आरोग्य केंद्रातला एमबीबीएस मुलगा करतो: चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहून १०८ ला फोन.

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशिरांबद्दल बोलतात. घरातून निघायचं ठरवायला झालेला उशीर, वाटेत झालेला उशीर, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. पहिल्या दोघांवर आपण तावातावाने बोलतो, कारण ते आपल्या दाराबाहेरचे असतात. झोळीत घालून आणलेल्या बाईचा फोटो छापून येतो, चांदसैली घाटात दरड पडली की बातमी होते. तिसरा उशीर मात्र केसपेपरवर एका ओळीत मिटतो. जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि भूलतज्ज्ञ नाही, अशा जागी तू बसलीस तर एका परीने तो उशीर वाढवशील. कारण लोक म्हणतील, ‘तिथे मोठी डॉक्टरीणबाई आहे’, आणि सरळ नंदुरबारला किंवा धुळ्याला जायचं सोडून आधी तुझ्याकडे थांबतील. त्या थांबण्यात दोन तास जातात.

म्हणून माझं मत सरळ सांगते. नंदुरबारला जा. पण पहिलं पोस्टिंग डोंगराच्या आत मागू नकोस. पायथ्याच्या तालुक्याच्या गावी, जिथे सिझेरियन खरोखर होतात अशा उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात माग, आणि तिथून आत जायचे दिवस बांधून घे. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. २०१६ पासून ते सुरू आहे आणि गरोदर बाईची त्या दिवशी सरकारी केंद्रावर डॉक्टरकडून नीट तपासणी व्हावी हा त्याचा हेतू आहे. तू ती तारीख आत डोंगरात, धडगाव-मोलगीच्या बाजूला लावून घेतलीस तर जोखमीच्या बाया तुला आठव्या महिन्यातच भेटतील. रात्री दोन वाजता झोळीत भेटण्यापेक्षा ते बरं.

जागा ठरवण्याआधी तिथे स्वतः जा आणि अधीक्षकांना भेटण्याच्या आधी रात्रपाळीच्या सिस्टरला भेट. अधीक्षक मंजूर पदं सांगतील. सिस्टर सांगेल की मागच्या महिन्यात रात्री दहानंतर किती सिझेरियन झाली. शून्य असेल तर भूलतज्ज्ञ फक्त दिवसा येतो, किंवा फक्त कागदावर आहे. काही ठिकाणी खासगी भूलतज्ज्ञाला केसप्रमाणे बोलावतात. ते चालतं, पण त्याचे पैसे वेळेवर निघतात का ते विचार, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तो फोन उचलणार नाही. भूल द्यायचं खास प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस अधिकारी असेल तरी काम होतं. रक्त साठवण केंद्राचा फ्रीज चालू आहे का, आत ओ निगेटिव्ह सोड, ओ पॉझिटिव्हच्या तरी दोन पिशव्या आहेत का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. क्वार्टरला पाणी आणि आतून लागणारी कडी आहे का तेही बघ. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या डॉक्टरला स्वतःला झोप मिळत नाही तिचे टाके मला माहीत आहेत.

आता ‘हात गंजतील’बद्दल. तुझ्या सरांचा मान राखून सांगते, त्यांना लॅप्रोस्कोपी आणि वंध्यत्व म्हणायचं असेल तर ते बरोबर आहेत, ते हात थोडे गंजतील. बाकीचे नाहीत. पायाळू, जुळं, आडवं मूल, झटके येऊन बेशुद्ध आलेली पहिलटकरीण, अंग बाहेर आलेल्या म्हाताऱ्या बाया, ज्या दहा दहा वर्षं तो गोळा कापडाने आत दाबून शेतात राबतात: पुण्यात हे रजिस्ट्रारमध्ये वाटून जातं, इथे सगळं तुझंच. वर्षाकाठी आठवडाभर धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन उभं राहायची सोय कर. नंदुरबारचं २०२० मध्ये सुरू झालं. आमच्या वेळी धुळ्याच्या पलीकडे विचारायलाच कोणी नव्हतं.

पण तू शस्त्रक्रियांसाठीच जात असशील तर पहिल्याच आठवड्यात कंटाळशील, कारण ओपीडीत बसणाऱ्या बाईला शस्त्रक्रिया नको असते. ती सांगते, ‘कंबर दुखस, माले चक्कर येस.’ सासू बाहेर गेल्यावर हळूच सांगते की अंगावरून पांढरं जातं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जगाचं लक्ष तोवर गरोदर बाईवर आणि कुटुंबनियोजनावर होतं. गरोदर नसलेली बाई कोणाच्या नोंदवहीत नव्हती. खान्देशातल्या ओपीडीत ती आजही बाकाच्या टोकाला बसलेली असते आणि नंबर आला की ‘फक्त टॉनिक द्या’ म्हणते. तिला टॉनिक देऊन पाठवणं फार सोपं आहे, एवढंच सांगून ठेवते.

सिकलसेलबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण पुण्यात तू हा रक्ताचा आनुवंशिक आजार फार पाहिला नसशील. भिल्ल आणि पावरा समाजात तो भरपूर आहे. हिमोग्लोबिन सात दिसलं की लोहाची सलाईन लावून मोकळं व्हायची सवय आपल्याला लागलेली असते. इथे आधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर निदान पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, आणि मग ठरव. सिकलसेलग्रस्त गरोदर बाईला फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, तापाला लगेच उपचार हवेत. तिचं अंग ठणकतंय म्हणजे ती नाटक करत नाही. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर गरोदरपणात ते बंद करायचं, शक्यतो दिवस राहण्याआधीच. आणि नवऱ्याची तपासणी करून घे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. हे एकट्या बाईला कधीच सांगू नकोस. ती घरी जाऊन सांगेल आणि दोष तिच्या माथी बसेल, ‘हिच्या माहेरचं रक्त खराब’. दोघांना शेजारी बसवायचं, कागदावर दोन गोल काढायचे आणि अर्धा अर्धा रंगवून दाखवायचं की दोघांकडून सारखंच आलंय. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे आणि २०४७ चं उद्दिष्ट आहे. कार्डं वाटली जातील. ते कार्ड समजावून सांगायला कोणीतरी लागेल, आणि ते पावरीत किंवा भिलीत सांगावं लागेल. तुझी अहिराणी चोपड्याची, ती डोंगरात अर्ध्या वाटेवरच थांबते. पहिल्या वर्षात पावरी शीक, निदान कुठे दुखतं, कधीपासून, पाळी कधी आली, एवढी तरी. तोवर दुभाषी म्हणून बाईच्या नवऱ्याला कधीही उभं करू नकोस. आशाताईला कर.

आणखी एक गोष्ट वसतिगृहात कोणी शिकवत नाही. इथलं गरोदरपण कॅलेंडरवर चालत नाही, ऊसतोडीवर चालतं. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं गुजरातेत जातात, बारडोली, सुरत, नवसारीकडे. पाचव्या महिन्यात नाव नोंदवलेली बाई सातव्या महिन्यात फडात असते आणि तुझ्या रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’. तिला ओरडून उपयोग नाही, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. जाण्याआधी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर रक्तगट, हिमोग्लोबिन, सिकलसेलचा निकाल, आधीचं सिझेरियन आणि अपेक्षित तारीख ठळक इंग्रजी अक्षरांत लिहून दे, कारण तिकडचा डॉक्टर आपलं मराठी वाचत बसणार नाही. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दे. लोहाच्या गोळ्या परत येईपर्यंत पुरतील इतक्या दे. मूल नको असेल तर हिशेब करून साधन निवड: अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो, म्हणजे दुसरा डोस फडात चुकणार. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी तिच्यासोबत जाते आणि सोबत परत येते. अर्थात तिला हवी असेल तरच. तिला न विचारता तांबी बसवून टारगेट पूर्ण करणारे पुष्कळ बघितलेत.

नर्मदाकाठच्या गावांना बोटीतून जावं लागतं, सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे. त्या भागात बोट ॲम्ब्युलन्स आहे. एकदा तिच्यातून जाऊन ये, मग ‘वेळेत का नाही आणलं’ असं नातेवाइकांना विचारायची हिंमत होणार नाही. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर असतं, लांबच्या बाईने तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहावं म्हणून. कल्पना उत्तम आहे. खोल्या मात्र पुष्कळदा रिकाम्या दिसतात, कारण घरची दोन लेकरं आणि शेळ्या कोणावर सोडायच्या, याचं उत्तर योजनेत नसतं. लेकरांना सोबत राहू दे, सासूलाही येऊ दे, स्वयंपाकाला चूल लागली तर लागू दे. सिस्टर कुरकुरतील, कुरकुरू देत.

कायद्याच्या दोन गोष्टी, थोडक्यात. सतरा वर्षांची गरोदर मुलगी तुझ्याकडे येईल. एकदा नाही, अनेकदा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण पोलिसांच्या भीतीने ती आलीच नाही तर पाड्यावर चोरून गर्भ पाडून घेईल आणि जंतुसंसर्गाने मरेल. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वाट मोकळी केली: अशी मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. हे पुष्कळ डॉक्टरांना ठाऊक नसतं. दुसरं, बायकांना आणि कधी कधी पोलिसांनाही वाटतं की गर्भपातच बेकायदेशीर आहे. गुन्हा आहे तो लिंगनिदानाचा. गर्भपाताला १९७१ पासून कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं. याचा कागद ओपीडीच्या भिंतीवर लाव.

आणि ‘पिशवी काढून टाका’, म्हणजे गर्भाशय. हे तुला आठवड्याला ऐकायला मिळेल. पस्तिशीची बाई, दोन मुलं, नसबंदी झालेली, पाळीचा त्रास. ती म्हणते, आता पिशवीचं काय काम. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती काढल्या गेल्या त्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, चौकशी समिती बसली. आपल्याकडच्या बाईला तसंच वाटायला फार लागत नाही, शेजारणीची काढलेली असते. गोळ्या, हार्मोनची तांबी, आधी रक्तक्षय भरून काढणं, हे समजावायला अर्धा तास लागतो आणि शस्त्रक्रियेला साधारण एक तास. खासगीत त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळत नाहीत. सरकारीत दारात साठ बायका असतात. तरी तो अर्धा तास दे. त्याच बायकांची गर्भाशयमुखाची तपासणीही त्याच बैठकीत होते. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे अमेरिकेत नाही, कोरडवाहू मराठवाड्यात झालं.

तुझ्या चोपड्याबद्दलही बोलायला हवं, कारण तू ते पत्रात एका ओळीत उरकलं आहेस. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे मुली ८५० सुद्धा नव्हत्या. नंदुरबारचा आकडा त्याहून कितीतरी बरा होता. केळी, कापूस, पाणी, पैसा आणि सोनोग्राफीचं मशीन, सगळं तुझ्या माहेरच्या पट्ट्यात. उद्या पाच-दहा वर्षांनी तू तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकलास, रुग्ण पाठवण्याचं कमिशन घेतलं नाहीस, गरज नसताना पोट उघडलं नाहीस आणि ‘काय आहे तेवढं सांगा ना ताई’ म्हणणाऱ्या मामेभावाला बाहेर काढलंस, तर तेही ग्रामीण बाईचंच काम आहे. काही जणींना ते डोंगरापेक्षा जड जातं, कारण डोंगरात नातेवाईक नसतात.

पगाराबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. विचार. कंत्राटी असेल तर ऑर्डर किती महिन्यांची, मागच्या डॉक्टरचा पगार किती महिने अडकला होता, सगळं विचार. पैशाचं बोलायला संकोचणारे डॉक्टर दोन वर्षांत चिडून निघून जातात आणि मग पुढच्या डॉक्टरवर गावाचा विश्वास बसत नाही. नाशिकच्या हॉस्पिटलला आत्ता नाही म्हणायची गरज नाही. वर्षभराने बघू म्हण, त्यांनाही डॉक्टर मिळत नाहीत, थांबतील. तुझ्याच बॅचमधला किंवा बॅचमधली कोणी भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ बंधपत्राच्या वर्षासाठी जागा शोधत असेल तर त्यांना फोन कर आणि दोघं मिळून एकच रुग्णालय मागा. सर आणि मैत्रिणी काय म्हणतात यापेक्षा हा फोन मला महत्त्वाचा वाटतो.

लग्नाचं तू विचारलं नाहीस, मीही बोलत नाही.

आईला सोबत घेऊन जा. तिची भीती न पाहिलेल्या जागेची आहे, आणि क्वार्टरची कडी तीच तुझ्यापेक्षा नीट तपासेल. जायचं तर होळीच्या आधीच्या आठवड्यात जा. गुजरातहून बायका परतलेल्या असतात, भोंगऱ्याचे, म्हणजे होळीआधीचे आदिवासी बाजार भरलेले असतात, आणि चार-पाच महिने तुंबलेली दुखणी एकदमच ओपीडीच्या दारात येतात. त्या गर्दीत कोणती सिस्टर बाईला बाकावर बसवून तिचं नाव विचारते आणि कोणती नुसतं ‘पुढे व्हा’ म्हणते, ते सकाळी दहा ते एक बसून बघ. पहिल्या प्रकारच्या दोन जरी दिसल्या, तर त्यांची ड्युटी कधी असते ते विचारून घे आणि मगच अर्जात त्या रुग्णालयाचं नाव लिही.